हे कपडे एकट्याचं काम नाही

व्हिक्टोरियन शर्ट आणि त्याची कॉलर या दोन वेगवेगळ्या वस्तू असतात. शर्ट एक, कॉलर दुसरी, आणि त्यांना जोडायला दोन स्टड, म्हणजे सुटी छोटी बटणं, एक पुढे आणि एक मानेमागे, जिथे डोळा पोचत नाही आणि हात पोचतो तो खाजवण्यापुरताच. कॉलर खळ घालून इतकी कडक केलेली असते की टेबलावर आपटली तर टकटक वाजते. आधी मागचा स्टड लावायचा, मग टाय कॉलरीच्या घडीत सरकवायचा (हे नंतर आठवलं तर परत पहिल्यापासून), मग शर्टाची दोन टोकं आणि कॉलरीची दोन टोकं असे चार थर एकावर एक धरून त्यातून पुढचा स्टड पार करायचा, तेही मान वर करून, कारण खाली बघायला गेलं की हनुवटी कॉलरीवर आपटते. मग स्टड सुटतो आणि कपाटाखाली जातो. पलंगाखाली गेलाय असं आजवर झालेलं नाही, कपाटाखालीच.

तरी मी हे घालतो. आवडतं म्हणून घालतो, लोकांना ट्रेकिंग आवडतं त्यांना आपण काही विचारतो का?

माझं ठाम मत असं झालंय की हे कपडे एका माणसानं दोन हातांनी घालायचे म्हणून शिवलेच नव्हते. साहेबाच्या घरी कपडे चढवायला माणूस असायचा, कॉलरी लॉन्ड्रीतून खळ होऊन यायच्या, हॅट कोणीतरी पुसून ठेवायचं, साहेब फक्त हात पसरून उभा. आमच्याकडे नॉटिंगहॅमच्या फ्लॅटमध्ये ते सगळं डिपार्टमेंट बायकोकडे आहे आणि ती ते काम मोबाईल बघत करते. "अरे श्वास सोड ना, लागत नाहीये." सोडला श्वास. "आता घेऊ नकोस." बरं. मग तिच्या आईचा फोन येतो.

बरं घालायचं नंतर, आधी मिळायला तर हवं. कॉलरींचं त्यातल्या त्यात सोपं, कारण इंग्लंडातले बॅरिस्टर कोर्टात अजून पंखवाली कॉलर घालतात, त्यामुळे लंडनला चान्सरी लेनवर ईड अँड रेव्हन्सक्रॉफ्टसारखं १६८९ पासूनचं दुकान आहे, तिथे असला माल रीतसर मिळतो. काळा मॉर्निंग कोटही मिळून जातो, अ‍ॅस्कॉटच्या घोड्यांच्या शर्यतीला रॉयल एन्क्लोजरमध्ये पुरुषांना मॉर्निंग ड्रेस आणि टॉप हॅट, ती नळकांड्यासारखी उंच, सक्तीची आहे, आणि लोक हौसेनं घेतात, पोट सुटलं की विकतात, आपण टपून बसायचं. आता कोणी म्हणेल झालं की मग. नाही झालं. मॉर्निंग कोट पुढून तिरका कापलेला असतो, आणि मला हवा होता फ्रॉक कोट, कमरेत जोड, खाली गुडघ्यापर्यंत सरळ घेर. तो १९३६ साली आठव्या एडवर्डनं दरबारातून काढून टाकला, तेव्हापासून त्याला कोणी वाली नाही. राजानं त्याच वर्षी गादी पण सोडली, जाता जाता माझा कोट कशाला न्यायचा होता?

हॅटचं दुखणं वेगळंच. खरी चकचकीत सिल्क टॉप हॅट ज्या प्लश नावाच्या लवदार कापडाची करतात ते फ्रान्समध्ये विणायचे, ते गेल्या शतकातच बंद पडलं. म्हणजे जी हॅट मिळेल ती जुनीच, आणि जुन्यांची डोकी लहान. पंचावन्न-छप्पन सेंटीमीटरची बऱ्यापैकी मिळते, साठला भाव असा चढतो की डोकं कमी करता येईल का याचा विचार माणूस करतो. आमच्या घराण्यात डोकी मोठी आहेत, आतल्या मालाबद्दल आई वेगळं सांगेल. शेवटी मी बोलर हॅटवर आलो, म्हणजे गोल, कडक, बुटकी हॅट. ती बिचारी गरिबाच्या बाजूची, १८४९ मध्ये लंडनच्या लॉक अँड कंपनी या हॅटवाल्यांकडून एका जमीनदार घराण्यातल्या माणसानं गेमकीपरांसाठी, म्हणजे शिकारीचं रान राखणाऱ्यांसाठी, करून घेतली, झाडाच्या फांदीनं उडू नये म्हणून, आणि घेताना ती जमिनीवर ठेवून तिच्यावर उभा राहून बघितलं असं म्हणतात. मी असलं काही केलं नाही, पैसे माझे होते.

मग फ्रॉक कोट पुण्यात शिवायचं ठरवलं. सुट्टीत गेलो तेव्हा आमच्या जुन्या मास्तरांपुढे फोटो ठेवला. त्यांनी चष्मा वर केला, फोटो लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, "शेरवानीच आहे की साहेब. गळा तेवढा चुकलाय."

मी म्हटलं मास्तर, गळा असाच उघडा पाहिजे, खांद्याला पॅड नको, आणि कमरेत जोड द्यायचा. "जोड? कापड कमी पडलंय का? मी अखंड काढून देतो ना." नको, जोड हवाय. "लोक म्हणतील मास्तरांनी ठिगळ लावलं." आणि खिसे मागे, घेराच्या चुणीत. इथे त्यांनी टेप गळ्यातून काढून टेबलावर ठेवला. मागे? बसणार कसे? हा प्रश्न अत्यंत रास्त होता, कारण फ्रॉक कोटाला खरंच मागे चुणीत खिसे असतात आणि आता माझा मोबाईल तिथे असतो आणि मी ट्रेनमध्ये बसलो की आपोआप कोणाला तरी फोन लागतो. कोट मात्र मास्तरांनी देखणा केला. आत अस्तराला स्वतःच्या मनानं मरून साटीन लावलं, "लग्नात फोटो छान येतो" म्हणाले. कोणाच्या लग्नात ते मी विचारलं नाही.

विजारीबद्दल फार लिहीत नाही, सभ्य लोक वाचतात. बेल्टला लूप नाहीत, गॅलिसवर लटकलेली असते, चेन नाही, सगळी बटणं. घाईच्या वेळी बटणं आणि गॅलिस, वर जाकीट, त्यावर कोट. एवढ्यावर समजून घ्या.

हे सगळं चढवून मी ऑगस्टअखेर लिंकनला स्टीमपंकच्या, म्हणजे व्हिक्टोरियन कपड्यांवर वाफेच्या काळातली काल्पनिक यंत्रं चढवणाऱ्या हौशी लोकांच्या, मेळाव्याला जातो. स्टेशन खाली, किल्ला आणि कॅथेड्रल वर टेकडीवर, आणि मधल्या रस्त्याचं नावच स्टीप हिल. लोकरीच्या कोटात ती चढताना कॉलरीची खळ घामानं विरघळायला लागते आणि वर पोचेपर्यंत सकाळची सगळी मेहनत मऊ पडते. वर सगळे पितळी गॉगल लावलेले, हॅटवर घड्याळाची चक्रं चिकटवलेले, आणि त्यांच्यात मी साधाच निघतो. एकानं तर सहानुभूतीनं विचारलं, गॉगल विसरलास का?

ट्रेनमध्ये तेही नशिबी नाही. तिकडे अजूनही अंत्ययात्रेपुढे काळा कोट आणि हॅट घातलेला माणूस चालतो, त्यामुळे डब्यात लोक मला जागा देतात, आवाज खाली आणतात, आणि एका आजींनी हळूच हातावर हात ठेवून "तुमचं काम फार अवघड असतं हो" असं म्हटलं. कोट घालण्याबद्दल म्हणत असतील असं समजून मी जोरात मान डोलावली, म्हणजे कॉलरीनं डोलावू दिली तेवढी.

त्या काळातल्या आपल्या पुणेरी मंडळींचे फोटो काढून बघा एकदा. पगडी, लांब कोट, गळ्यात उपरणं, खाली धोतर. साहेबाकडून कोट तेवढा घेतला, कॉलर आणि विजार त्यालाच ठेवू दिली. मरायचं होतं का त्यांना पुण्याच्या मे महिन्यात?

परवा मास्तरांचं व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस बघितलं. माझ्या कोटाचा फोटो, खाली "नवीन इंग्लिश शेरवानी, लग्नसराईसाठी ऑर्डर चालू". जोड काढून टाकलाय, गळा बंद केलाय, खिसे पुढे घेतलेत. खाली कोणीतरी किंमत विचारलीय.