अजून अर्धा मिलिमीटर

ज्या पात्रात पाणी ओतता येत नाही, जे धुता येत नाही, ओठांना लावता येत नाही आणि शेजारी कोणी मनापासून शिंकल्यास जे कलंडते, त्याला चषक का म्हणावे, असा प्रश्न माझ्या पत्नीने मी लाकूड फिरवून कातण्याचे यंत्र, म्हणजे लेथ, घरी आणला त्याच आठवड्यात विचारला होता. "अगं, हे शोभेचे आहे," असे मी सांगितले. "मग शोभा केव्हा होणार?" हा तिचा पुढचा प्रश्न. या प्रश्नाचे उत्तर देण्यास मला चौदा महिने लागले. त्या अवधीत शोभा अकरा वेळा झाली, परंतु ती माझी.

वस्तूची कल्पना यावी म्हणून थोडे वर्णन करतो. वर अंड्याच्या अर्ध्या कवचासारखी वाटी, खाली बाटलीच्या झाकणाहून थोडी मोठी बैठक आणि दोहोंच्या मध्ये २८ सेंटीमीटर लांबीचा, ३ मिलिमीटर जाडीचा देठ. हे सर्व एकाच ठोकळ्यातून कातलेले असावे लागते. कुठेही सांधा चालत नाही. सांधा चालत असता तर हे काम कोणालाही जमले असते, असे जुने कातारी म्हणतात. सांध्याचा मोह मलाही एकदा झाला होता आणि त्या रात्री मी डिंकाची बाटली हातात घेऊन बराच वेळ बसलो होतो, हे येथेच कबूल केलेले बरे. याहूनही लांब आणि सडपातळ देठाच्या कातकामाला फ्रेंच भाषेत जे नाव आहे त्याचा अर्थ 'थरथरणारा' असा होतो. ते नाव कातलेल्या वस्तूला दिलेले आहे. कातणाऱ्याला दिले असते तरी चुकले नसते.

या कामाची रीत उलटी आहे. जगात सर्वत्र पाया घालून कळसाकडे जातात. येथे आधी कळस आणि मग पाया. ओल्या ओंडक्याचा गाभा वगळून काढलेला, सरळ रेषांचा ठोकळा एका टोकाला चकच्या, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीच्या, जबड्यात घट्ट धरायचा, मोकळ्या टोकाला वाटी पोखरायची, ती आतून-बाहेरून पूर्ण करायची, पॉलिश पेपरच्या खरखरीत १२० क्रमांकापासून मऊ ४०० पर्यंतच्या सर्व पायऱ्या तिथल्या तिथे उरकायच्या आणि मग तिचा कायमचा निरोप घेऊन देठाला लागायचे. देठही एकदम बारीक करायचा नसतो. दोन-अडीच सेंटीमीटरचा तुकडा घ्यायचा, तो शेवटच्या जाडीपर्यंत आणायचा, घासायचा आणि मगच चकच्या दिशेने पुढे सरकायचे, कारण पुढचे लाकूड जोवर जाड आहे तोवरच मागच्या कामाला आधार आहे. जो भाग झाला तो झाला. त्याच्याकडे पुन्हा वळून पाहायचे नाही. हा नियम ऐकायला फार सोपा वाटतो.

पहिला चषक देठापर्यंत पोहोचलाच नाही. ठोकळ्याच्या उभ्या तोंडात पोखरताना हत्यार मध्यापासून काठाकडे न्यायचे असते, म्हणजे कापल्या जाणाऱ्या तंतूंना मागच्या तंतूंचा आधार मिळतो. बाहेरच्या अंगाने मात्र जाडीकडून बारकाईकडे उतरायचे असते. आत चढायचे आणि बाहेर उतरायचे, एवढाच हा हिशेब; मी आत उतरलो. हत्याराचे टोक लाकडात रुतले, एक आवाज झाला आणि वाटी निघून गेली. मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या पाच सेंटीमीटर व्यासाच्या काठाचा वेग ताशी सुमारे १४ किलोमीटर भरतो. सायकलस्वाराचा वेग म्हणून तो कोणालाही किरकोळ वाटेल, परंतु सायकलस्वार माझ्या कपाळाकडे येत नसतो. चेहऱ्यावर पारदर्शक मुखवटा होता म्हणून हा लेख मी स्वतः लिहीत आहे.

दुसऱ्या चषकाच्या वेळी मी दिव्याची युक्ती शिकलो होतो. ओल्या लाकडाची भिंत दोन मिलिमीटरच्या खाली येऊ लागली की बाहेर ठेवलेल्या दिव्याचा उजेड तिच्यातून झिरपू लागतो आणि त्या उजेडाच्या रंगावरून जाडी ओळखता येते. आधी तो तांबूस दिसतो, मग नारिंगी, मग पिवळा. त्या दिवशी वाटी अशी काही उजळली होती, की तिच्यात निरांजन लावल्याचा भास व्हावा. येथे थांबायला हवे होते. परंतु पिवळ्याच्या पलीकडे काय असेल, अशी उत्सुकता मला वाटली आणि मी अजून अर्धा मिलिमीटर घेतला. पिवळ्याच्या पलीकडे पांढरा असतो. पांढरा दिसला म्हणजे आपण थेट दिव्याकडे पाहत आहोत, असे समजावे.

तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतच्या चषकांविषयी सांगण्यासारखे विशेष काही नाही, ते मोडले.

सातव्याविषयी मात्र सांगायला हवे. देठ मोडण्याचा मला पुरेसा सराव झाला आहे असे वाटून मी त्या देठावर एक कडी कातायला घेतली. ही कडी देठाच्याच लाकडातून, दोन्ही बाजूंनी वाकड्या हत्याराने पोखरत मोकळी करायची असते. शेवटचा तंतू सुटला की ती टपकन देठावर लोंबू लागते आणि आत कशी घातली असेल, या विचाराने पाहणारा चक्रावतो. कडी सुटली तेव्हा मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. पत्नी धावत आली, तिने पाहिले आणि खरे सांगायचे तर तीही क्षणभर काही बोलली नाही. पुढचे काम सुरू करण्यापूर्वी कडी वाटीजवळ सरकवून चिकटपट्टीने बांधून ठेवायची असते. आनंदाच्या भरात ते राहून गेले. लेथ सुरू झाल्यावर कडी फिरत्या देठावर अशी थयथयाट करू लागली, की मी बटणापर्यंत पोहोचण्याआधी देठाचे तीन तुकडे झाले. कडी मात्र शाबूत राहिली. ती मी खिशात टाकली. का टाकली, ते मला त्या वेळी कळले नव्हते.

आठव्याला मी आधार दिला आणि आधारानेच तो गेला. वाटीत मऊ कागदाचा गोळा भरून टेलस्टॉकचे, म्हणजे चकच्या समोरच्या सरकत्या आधाराचे, टोक त्यावर अलगद टेकवायचे, म्हणजे वाटी डोलत नाही, अशी ही पद्धत आहे. यातला 'अलगद' हा शब्द ज्याने प्रथम वापरला त्याने तो मोजून दाखवायला हवा होता. बारीक, लांब काठी दोन्ही टोकांनी दाबली की ती दाब सोसत नाही, बाजूला वाकते. टेलस्टॉकचे चाक मी किंचित, अगदी पाहुण्याला आणखी थोडे वाढावे इतपतच, पुढे फिरवले आणि देठाने मध्येच कमान टाकून माझा निरोप घेतला.

यानंतर मी चिडून गणित पाहिले. देठाचा ताठपणा त्याच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. म्हणजे ६ मिलिमीटरचा देठ ३ मिलिमीटरवर आणला की ताठपणा निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. त्यातच लांबी दुप्पट केली तर तेवढ्याच जोराने तो आठपट वाकतो. दोन्ही हौशी एकदम केल्या तर वाकणे १२८ पट होते. हे वाचून मला मोठा दिलासा मिळाला, कारण माझ्या हातात दोष आहे अशी जी शंका घरात बोलली जात होती ती सोळापैकी पंधरा हिस्से तरी निराधार ठरत होती. हे गणित मी पत्नीला समजावून सांगितले. "अहो, मग सहाचाच ठेवा ना," ती म्हणाली.

लेथच्या वेडापायी हसे होण्याची भीती वाटू लागली की मी रशियाच्या पहिल्या पीटर झारची आठवण काढतो. १६७२ ते १७२५ या आयुष्यात त्याने लढाया केल्या, राजधानी वसवली आणि तरीही स्वतःच्या हाताने कातकाम करण्यास वेळ काढला. अर्थात त्याच्या पदरी आंद्रेई नार्तोव्ह हा यंत्रकुशल माणूस होता आणि त्याने झारच्या लेथवर हत्यार धरण्यासाठी सरकता यांत्रिक आधार बसवला होता. त्याच्याही आधी ड्रेस्डेनच्या सॅक्सन दरबारात हस्तिदंताचे उंच, नाजूक चषक कातले जात. राजेलोकांची गोष्ट वेगळी. झारच्या हातून चषक मोडला तर खोलीतल्या कोणाला हसू आले असेल, असे मला वाटत नाही.

नववा चषक मागे वळून पाहिल्यामुळे गेला. देठ अर्ध्याहून अधिक झाला होता आणि वाटीच्या बाहेर मला एक ओरखडा दिसला. केसाएवढा. ओले लाकूड पातळ झाले की वाऱ्यावर फिरताना काही मिनिटांतच सुकू लागते, आणि वार्षिक वलयांच्या दिशेने ते वलयांना छेदणाऱ्या दिशेच्या साधारण दुप्पट आक्रसते. त्यामुळे जी वाटी मी तासाभरापूर्वी गोल सोडली होती ती आता लंबगोल झाली होती. डोळ्यांना ते दिसत नव्हते. हत्याराला पहिल्याच टेकणीत कळले, कारण फिरणाऱ्या वाटीचा उंचवटा त्याच्यावर टकटक करू लागला, चौथ्या टकटकीला वाटी देठावरून उडाली आणि ओरखड्यासह कपाटाखाली गेली.

दहाव्याच्या वेळी काम छान चालले होते, म्हणून मी चहा घेण्यास लेथ थांबवला. परत येऊन बटण दाबले तेव्हा पट्टा वरच्या गतीवर होता. बैठक तत्काळ निघाली. वाटीला अजून निघायचे होते. दोघींमधल्या या मतभेदात देठ पिळून तुटला. चहाचा कप मात्र हातात सुरक्षित राहिला. त्याचा देठ आखूड असतो.

अकरावा. त्याच्याविषयी लिहिताना आजही हात जड होतो. तो जवळजवळ झाला होता. डाव्या हाताची बोटे देठाच्या मागून हलकेच टेकवून, उजव्या हाताने पुढून कापायचे, हे तंत्र मला साधले होते. बोटाला ऊब लागली की दाब जास्त झाला, एवढे मला हत्यारापेक्षा आधी कळू लागले होते. देठ वरपासून खालपर्यंत एकसारखा आला होता. फक्त बैठकीला मिळतो त्या जागी मला तो किंचित जाड वाटला. कॅलिपरने मोजले तर साडेतीन मिलिमीटर भरले. बाकीचा सगळा तीन आणि तेथे साडेतीन! पाहणाऱ्या कोणालाही ते कळले नसते. मला कळले असते.

ज्यांच्याकडे मी हे काम शिकलो त्या वृद्ध कातारी काकांना मी त्याच संध्याकाळी फोन केला.

"काका, अगदी शेवटच्या क्षणाला मोडला."

"शेवटचा क्षण आहे, हे मोडण्याआधी तुम्हाला ठाऊक होते का?"

"हो."

"मग हात का लावलात?"

मी अर्ध्या मिलिमीटरचे सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्यांनी त्यांच्या स्वतःच्या अर्ध्या मिलिमीटरचे सांगायला सुरुवात केली आणि आम्ही तासभर बोलत बसलो.

बारावा चषक कातताना मी कॅलिपर पत्नीकडे देऊन टाकला. देठाभोवती चार बाजूंनी दोऱ्यांचा फास टाकून आधार दिला, वाटीकडे एकदाही पाहिले नाही, चहा प्यायलो नाही. देठ कोठे तीन, कोठे सव्वातीन, कोठे त्याहूनही भरभक्कम असावा. मी मोजले नाही. शेवटी बैठक चकपासून वेगळी करण्याची वेळ आली. पातळ हत्याराने खाच पाडत गेले की मध्ये पेन्सिलीएवढा खुंट उरतो, तो लेथ थांबवून बारीक करवतीने कापायचा आणि बैठकीखाली राहिलेला उंचवटा पटाशीने सपाट करायचा असतो. खुंट कापला. चषक हातात आला. तो इतका हलका होता, की हातात काही आहे याची खात्री करण्यास मला पाहावे लागले.

बैठकीखालचा उंचवटा मात्र तसाच होता. पाच-सहा मिलिमीटरचा, बोथट. त्याच्यामुळे चषक उभा राहीना. टेबलावर ठेवला की भोवऱ्यासारखा कलंडायला पाहत असे. मी पटाशी पाजवली. धार अंगठ्याच्या नखावर तपासली. चषक डाव्या हातात उलटा धरला आणि पटाशी टेकवली.

"अहो," दारातून पत्नी म्हणाली. पुढे ती काही बोलली नाही.

मी पटाशी खाली ठेवली. मग मला खिशातल्या वस्तूची आठवण झाली. सातव्या चषकाची कडी आता ड्रॉवरमध्ये होती. ती टेबलावर ठेवून तिच्या पोकळीत मी बारावा चषक अलगद उभा केला. उंचवटा कडीच्या आत गेला, बैठक कडीवर टेकली आणि चषक उभा राहिला.

आता तो दिवाणखान्याच्या कपाटात आहे. सुकताना देठ थोडा झुकला आणि वाटी कोणाचे तरी बोलणे ऐकत असल्यासारखी एका कुशीला कलली आहे. त्याच्यावरची धूळ झटकण्यास कोणालाही परवानगी नाही, मलाही नाही. परवा एक पाहुणे आले होते. ते कपाटासमोर बराच वेळ उभे राहिले, वाकून पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि म्हणाले, "खालची कडी फार सुरेख कातली आहे हो."