ट्रेनिंग घेतलेल्या नर्स बाळाला उपाशी ठेवत नाहीत

कळवा-दिवा भागातल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘ट्रेनिंग झालेल्या नर्स पावडरचं दूध देऊ देत नाहीत, आईला दूध उतरेपर्यंत बाळ दोन-तीन दिवस उपाशी राहतं.’ हे चुकीचं आहे. मी ठाण्यात प्रसूती वॉर्डात नर्स आहे, स्तनपानाचं हे ट्रेनिंग मी स्वतः घेतलंय.

पहिले दोन-तीन दिवस आईला चीक येतो. पिवळसर, घट्ट, जेमतेम चमचाभर. पण पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी तेवढाच पुरतो आणि रोगांपासून संरक्षणही त्यातूनच मिळतं. घरचं कुणी तो पिळून टाकायला सांगतं तेव्हा जीव तुटतो. तासाभरात बाळाला छातीशी लावायचं, तोंडात नुसतं बोंड नाही तर भोवतीचा काळा भागही कसा द्यायचा, बाळ ओढत नसेल तर चीक काढून वाटी-चमच्याने कसा पाजायचा, हे आम्ही शिकतो.

पावडरवर बंदी नाही. बाळाची साखर उतरली, आई गंभीर असली, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने देतोच. १९९२ च्या कायद्याने बंद केली ती तिची जाहिरात आणि फुकट नमुने.

बाळ सुस्त पडलं, ओढत नसलं, लघवी कमी झाली, तर मध्यरात्रीही नर्सला उठवा.