फीत पुसली, त्यात गेलं काय?

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'रेडिओ ही कला नव्हे, नळाच्या पाण्यासारखी सोय होती. चांगलं होतं ते रेकॉर्डवर आलंच, बाकीच्या फिती जपणं म्हणजे म्हातारपणीचे उमाळे,' असं तुम्ही लिहिलंत. उमाळ्यांबद्दल कान पकडतो. मागच्या लेखात आजोबा आणि पहाटेचा चहा जरा जास्तच झाले होते.

पण 'रेकॉर्डवर आलंच' हे काही पटत नाही. गीतरामायणच घ्या. आज घरोघरी वाजतं ते बाबूजींनी, म्हणजे सुधीर फडक्यांनी, एकट्याने गायलेलं. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी, सुरू झालं ते तसं नव्हतं. तिथे पात्रागणिक गळा बदलायचा. राम बाबूजींचा, सीतेची कितीतरी गीतं माणिक वर्मांची, शिवाय वसंतराव देशपांडे, राम फाटक, ललिता फडके. आठवड्याला एक प्रवेश असं वर्षभर चाललेलं ते नभोनाट्यच की! बाबूजींचं गाणं थोर, त्यात वाद नाही. पण ती वेगळी चीज झाली.

आणखी एक गंमत. आठवडे ५२ म्हणून गीतंही ५२ ठरली होती. त्या वर्षी अधिक मास आला, पुढची रामनवमी लांबली आणि गीतं झाली ५६. पंचांगाने गीतकार गदिमांकडून चार गीतं जास्तीची लिहून घेतली! नळाला असं कधी होतं का हो?

आता माझं स्वतःचं. कॉलेजात असताना आकाशवाणीच्या एका केंद्रावर श्रुतिकांमध्ये, म्हणजे रेडिओवरच्या छोट्या नाटकांमध्ये, पडेल ते काम करायचो. संवाद बोलणारे दोघे, त्यांची पावलं वाळूच्या ट्रेमध्ये वाजवणारा मी. एकदा नायिका चिठ्ठी जाळते असा प्रसंग होता. आगीसाठी सेलोफेनचा कागद माइकपाशी चुरगळायचा, तोही अगदी हलक्या हाताने. जोर लागला की आग राहते बाजूला, फरसाणाचं पाकीट ऐकू येतं. माझं सात वेळा पाकीटच झालं. शेवटी निर्माते म्हणाले, "अरे, पेटवू नकोस, विझव." मूठ घट्ट आवळली आणि कागद आपसूक उलगडू दिला. जमलं.

ती श्रुतिका आज कुठेच नाही. फीत महाग, म्हणून पुसून तिच्यावर खतांची चर्चा भरली. रागावणार कोणावर? पण 'चांगलं ते उरतंच' म्हणता, तेव्हा मला तो स्पूल आठवतो.

सगळंच जपता येणार नाही, हा तुमचा मुद्दा खरा. रोजचे बाजारभाव गेले तर गेले. (तरी ते वाचायची लय मला अजून पाठ आहे.)

वडिलांनी रेडिओवरून भरलेल्या कॅसेटी माळ्यावर पडल्यात, असं तुम्हीच शेवटी लिहिलंय. भंगारवाल्याला देण्याआधी खोक्यांवर तारखा आहेत का तेवढं बघा. आणि एखादीत गाणी नसून नुसतं निवेदन निघालं, तर ती आधी मला कळवा.