कुपन फाडून टाका, भाऊ

आखाजीला अठरा हजारांचा फ्रिज घेतलात. दोन हजारांमागे एक, अशी नऊ कुपनं मिळाली. पत्रकावर छापलं होतं, 'भव्य सोडत दिवाळी पाडव्याला, सर्वांसमक्ष. पहिलं बक्षीस मोटारसायकल.' पाडवा उलटला, देवदिवाळी गेली, कापसाची दुसरी वेचणीही झाली. म्हणून काय लगेच दुकानात जाऊन 'सोडत कधी?' विचारायचं? एवढा उतावळेपणा बरा नव्हे.

मी विचारलं होतं. मालकाने आधी चहा मागवला, मग मायेने म्हणाला, "सोडत तं व्हई गई भो! तुम्हले कोनी सांगं नही का?" गाडी कोणाला लागली? "शे एक जन, पारोळाना." गाडी दुकानापुढेच उभी होती, हँडलला झेंडूची वाळकी माळ. चावी गल्ल्यावरच्या पोराच्या बोटात गरगर फिरत होती. पोरगा पारोळ्याचाच, मालकाचा मेहुणा. पत्रकाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात होतं, 'दुकानदाराच्या नातेवाइकांना भाग घेता येणार नाही.' पण मेहुणा म्हणजे काय नातेवाईक? तो तर घरचाच माणूस.

तेव्हा माझं ऐका. 'आपल्या नशिबातच नव्हती' म्हणा आणि चहा संपवा. घरी गेल्यावर कुपनं फाडा. बिल आणि पत्रक चुलीत घाला. चुकूनही तिन्ही एकत्र ठेवू नका, कारण 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा भलताच भोचक आहे. बक्षीस योजना संपल्यावर निकाल भाग घेणाऱ्यांपासून दडवणं ही त्याच्या लेखी अनुचित व्यापारी प्रथा. योजनेची जाहिरात ज्या वर्तमानपत्रात दिली, त्याच वर्तमानपत्रात वाजवी मुदतीत ठळकपणे निकाल छापला, तर तो कळवला असं धरतात. चहा पाजून कानात सांगितलेल्या निकालाचा तिथे उल्लेख नाही. कायदा करणाऱ्यांना आपल्याकडचा पाहुणचार ठाऊक नसावा.

1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर मोबाइलमध्ये ठेवू नका, उगाच बोट लागायचं. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडे जिल्हा ग्राहक आयोग आहे. त्या रस्त्याने जाऊच नका. पाच लाखांपर्यंतच्या मालाला तक्रारीची फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. फुकटच्या गोष्टीला काय किंमत? तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. तेवढी दोन वर्षं कोणाच्या लग्नात, कोणाच्या जाऊळात काढलीत की सुटलात. तोवर दुकानाची पुढची योजना आलेली असेलच. या खेपेला चारचाकी आहे म्हणतात, आणि मालकाला अजून दोन मेहुणे आहेत.

मी मात्र गाढवपणा करून बसलो. नऊ कुपनं, बिल आणि पत्रक दुधाच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलं आणि मालकाला पंधरा दिवसांची लेखी नोटीस धाडली, स्पीड पोस्टाने. काल दुकानावरून गेलो. गाडी जागेवर नव्हती, आणि चहाचंही कोणी विचारलं नाही.