फसलेल्या प्रयोगांच्या वह्या

माझ्या पीएचडीतली जवळजवळ तीन वर्षं एका प्रोटीनचा क्रिस्टल मिळवण्यात गेली, कारण क्रिस्टल मिळाला की एक्स-रे वापरून प्रोटीनचा आकार काढता येतो. बॅक्टेरियात प्रोटीन बनवायचं, कॉलममधून शुद्ध करायचं, मग काचेवर इवलासा थेंब घेऊन तो उलटा टांगून ठेवायचा, कधी पीएच बदल कधी मीठ बदल, आणि आठवड्याने मायक्रोस्कोपखाली बघायचं तर बहुतेक वेळा नुसता गाळ. आता अल्फाफोल्ड नावाचा एआय प्रोग्रॅम आहे, तो तसल्या प्रोटीनच्या आकाराचा बऱ्यापैकी भरवशाचा अंदाज काही मिनिटांत देतो. विद्यार्थी विचारतात, मॅडम, तुम्हाला वाईट नाही वाटत? नाही वाटत, खरंच आनंद होतो. हिमोग्लोबिनचा आकार शोधायला मॅक्स पेरुट्झना १९३७ ते १९५९ अशी २२ वर्षं लागली होती, कोणाचीही एवढी वर्षं वाचत असतील तर वाचू देत की!

हल्ली सारखं वाचायला मिळतं की विज्ञान मंदावलंय. त्यात तथ्य आहे. चार अर्थशास्त्रज्ञांचा २०२० चा पेपर आहे, चिपवरचे ट्रान्झिस्टर दर दोन वर्षांनी दुप्पट करत राहायला १९७० च्या सुरुवातीला जेवढे संशोधक लागायचे त्याच्या १८ पटीहून जास्त आता लागतात. औषधांचं तर आणखी वाईट, महागाई धरूनसुद्धा तेवढ्याच पैशात निघणारी नवी औषधं १९५० पासून साधारण दर ९ वर्षांनी निम्मी होत गेली, असं २०१२ मध्ये दाखवलं गेलं.

सोपं होतं ते आधी हाताला लागलं, हे कारण मला पटतं. पण लॅबमध्ये राहिलेल्या माणसाला दुसरंही एक कारण दिसतं, ते म्हणजे जो तो त्याच खड्ड्यात नव्याने पडतोय. पेपर छापला जातो जमलेल्या प्रयोगाचा. न जमलेले शेकडो वहीत राहतात, वही कपाटात, आणि सर रिटायर झाले की कपाट रद्दीत. मग दुसऱ्या गावातली एखादी मुलगी तेच मीठ, तोच पीएच घेऊन तीच तीन वर्षं घालवते.

आणि कॉम्प्युटरची खरी मदत इथेच होऊ शकते असं माझं ठाम मत आहे. अल्फाफोल्ड बनवणाऱ्यांना २०२४ च्या केमिस्ट्रीच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला, सगळे एआयचं कौतुक करतायत, करावंच, पण अल्फाफोल्ड शिकलं कशावर? प्रोटीन डेटा बँकेवर, म्हणजे शोधलेल्या प्रोटीनच्या आकारांच्या साठवणीवर. ती १९७१ मध्ये अवघ्या ७ रचनांवर सुरू झाली आणि पन्नास वर्षं जगभरच्या लोकांनी आपापल्या क्रिस्टलवरून आकार काढून तिच्यात भर घातली, सगळ्यांना फुकट बघता येईल अशी. ती साठवण नसती तर कितीही मोठा कॉम्प्युटर आणून काय उपयोग झाला असता?

पण तिथेही जमा झालं ते जमलेलंच. न जमलेल्याचं काय होऊ शकतं याचं एक उदाहरण मला फार आवडतं. अमेरिकेतल्या हॅवरफोर्ड नावाच्या लहानशा कॉलेजातल्या टीमने जुन्या लॅबवह्यांमधले फसलेले प्रयोगसुद्धा कॉम्प्युटरला शिकवले, विषय होता नवीन पदार्थांचे क्रिस्टल बनवायचा. २०१६ मध्ये नेचर या विज्ञानपत्रिकेत पेपर आला, कॉम्प्युटरने सुचवलेल्या कृती ८९ टक्के वेळा जमल्या, अनुभवी माणसांच्या अंदाजाने केलेल्या ७८ टक्के. ज्या वह्या आपण टाकून देतो त्यांच्यातून हे आलं!

आपल्याकडे आता जीपीयू, म्हणजे एआयसाठी लागणाऱ्या चिप, घ्यायची घाई आहे, जरूर घ्या. पण फंडिंग देताना एक अट घालायला काय हरकत आहे, की न जमलेल्या प्रयोगांचा डेटासुद्धा नीट लिहून सगळ्यांसाठी खुला ठेवायचा? थिसिसमध्ये त्याचं एक प्रकरण असू दे, त्याला मार्क असू देत. मी ज्या लॅबमध्ये होते तिथला जुना कॉम्प्युटर हार्डडिस्कसकट भंगारात गेला, मला कळलं तेव्हा सहा महिने उलटून गेले होते. त्यात माझ्या आधीच्या तीन जणांचं काम होतं. अजून हळहळ वाटते.

माझ्या वह्यांच्या झेरॉक्स मात्र माझ्याकडे आहेत. चारशेच्या वर थेंब, प्रत्येकापुढे तारीख, तापमान, मीठ किती, आणि शेरा, बहुतेक ठिकाणी "गाळ". मेच्या सुट्टीत एक्सेलमध्ये भरायला बसणारे. कोणाला याच कामाच्या जुन्या वह्या काढायच्या असतील तर मेसेज करा, कॉलम सगळ्यांचे सारखे ठेवू.