‘दोन मिनिटांचे साडेतीन हजार’ : दवाखान्याकडून उत्तर

नमस्कार दादा,

बाळाची जीभ खाली बांधून ठेवणारा पडदा आमच्याकडं कापून घेतलात, त्याबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. तुम्हाला सव्वा तास बसावं लागलं आणि तिसऱ्या दिवशी बाळाच्या जिभेखाली पांढरं दिसलं म्हणून केलेला फोन आमच्याकडं कुणी उचलला नाही, याबद्दल मनापासून माफी मागते. फोनची चूक आमचीच. रविवार होता हे कारण सांगण्यात अर्थ नाही. (ते पांढरं म्हणजे पू नव्हे. तोंडातली जखम भरताना असाच पांढरट-पिवळा थर येतो आणि आठ-पंधरा दिवसांत जातो. निघताना सांगितलं होतं, पण त्या गडबडीत कुणाच्या लक्षात राहतंय म्हणा.)

पण ‘दोन मिनिटांच्या कातरीला साडेतीन हजार, लुटारू’ हे वाचल्यापासून जेवण गोड लागलेलं नाही. कोल्हापुरात राजारामपुरीत बारा वर्षं दवाखाना चालवतेय, हा शब्द आजवर कुणी लावला नव्हता. म्हणून जरा लांबण लावते.

खरं तर कातर दोन मिनिटंसुद्धा चालत नाही, काही सेकंदच. बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळायचं, खाचेच्या पट्टीनं जीभ वर उचलायची आणि मधला पातळ पडदा बोथट टोकाच्या कातरीनं सोडवायचा. रक्ताचे थेंब-दोन थेंब येतात. गॉजनं दाबायचं आणि लगेच आईकडं अंगावर पाजायला द्यायचं. एवढं हाताला सवय झालेली कुणीही करेल. पैसे आहेत ते कापायचं की नाही हे ठरवण्याचे. जन्मल्यावर व्हिटॅमिन केचं इंजेक्शन झालंय का, घरात कुणाचं रक्त लवकर थांबत नाही असं आहे का, वजन किती वाढलं, जीभ हिरडीच्या पुढं येते का, हे सगळं तुमच्यासमोरच विचारलं-बघितलं. आणि मुख्य म्हणजे बाळ पिताना बघावं लागतं. पडदा दिसला की काप, असं नसतं. पडदा असूनही छान पिणारी बाळं भरपूर आहेत, काहींना नुसती धरण्याची पद्धत बदलून भागतं.

बाळाचं इथं चारचौघांत लिहिणं बरं नव्हे, पण तुम्हीच वेळेचा विषय काढलात. ‘बाळ भुकेलं आणा’ असं फोनवर दोनदा सांगितलं होतं. तुम्ही खाली गाडीत पाजून वर आणलंत. रडणं बघवत नाही, कबूल, दोष देत नाही. पण त्या सव्वा तासातला पाऊण तास आपण सगळे त्याला पुन्हा भूक लागायची वाट बघत बसलो होतो, हेही रिव्ह्यूमध्ये यायला हवं होतं.

आता ‘ओठाचं केलंच नाही’ याविषयी. वरच्या ओठामागचा पडदा जवळजवळ सगळ्याच बाळांना असतो. वाढताना तो आपोआप वर सरकतो, आणि पुढच्या दातांमधली फट बहुतेकदा पक्के सुळे येईपर्यंत, म्हणजे ११-१२ वर्षांपर्यंत मिटते. लुटायचंच असतं तर ओठही कापला असता आणि त्याचे वेगळे लावले असते. लेझरचं नाव सांगून दुप्पट घेतले असते. कातरीपेक्षा लेझर सरस असल्याचा ठोस पुरावा नाही, म्हणून मी तो ठेवलेलाच नाही. सरकारी दवाखान्यात कमी खर्चात होईल, हेही तुम्हाला मीच सांगितलं होतं. आठवत असेल.

आजींनी ‘पुढं बोबडं बोलंल काय’ असं विचारलं, त्याचं उत्तर फुकटच दिलं होतं. जिभेच्या पडद्यामुळं बोलायला उशीर होत नाही. काही मुलांना जिभेचं टोक वर न्यावं लागणारे उच्चार जड जातात, र, ण, ळ असले. गुळाच्या गावात ‘गूळ’ म्हणता येईना म्हटल्यावर आजींची काळजी मी समजू शकते, पण ते तीन-चार वर्षांचं झाल्यावर बघायचं असतं. वेखंड चालेल का, असंही विचारत होत्या. वेखंड नको आणि वर्षाच्या आत मध तर नकोच, एवढं घरी पुन्हा सांगा.

दराचा बोर्ड काउंटरला लावायचं चाललंय, फोनचंही काहीतरी बघतो.

बाळाला एकदा दाखवून जा. फेरतपासणीचे पैसे मी घेत नाही. येताना मात्र पाजून आणू नका.