तुझा तो सिनेमा

शनिवारी रात्री जेवणं झाली, ओटा पुसून झाला, की आमच्याकडे सगळे टीव्हीसमोर जमतात आणि कुणीतरी रिमोट माझ्या मांडीवर टाकतं. "तू एवढे सिनेमे बघतोस ना, मग लाव एखादा चांगला." वाक्य साधं आहे. पण रिमोट उचलला की त्या सिनेमाचा लेखक, दिग्दर्शक, निर्माता सगळं मीच. आवाज बारीक आला तरी माझ्याचकडे बघतात. सिनेमा पडला तर तो 'तुझा तो सिनेमा'. आवडला, तर नुसतं "बरा होता."

पहिला दणका 'कोर्ट'ने दिला. चैतन्य ताम्हाणेचा 2014चा हा सिनेमा माझा फार लाडका. एका लोकशाहिराच्या गाण्यामुळे गटारसफाई करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली, असा खटला. कॅमेरा एका जागी बसलेला, माणसं येतात आणि तारीख घेऊन जातात. बाबा कोर्टात शिरस्तेदार होते, त्यामुळे मला वाटलं, त्यांना भरून येईल. वीस मिनिटांनी बाबा म्हणाले, "अरे, नोकरीभर हेच बघितलं. तेव्हा निदान पगार तरी मिळायचा."

तरी बसले बिचारे. बिनबाह्यांचे कपडे घालून आली म्हणून एका बाईची केस न्यायाधीश पुढे ढकलतात, तिथे तर मांडीवर थाप मारून म्हणाले, "बरोबर आहे!" (तो प्रसंग टीका म्हणून आहे, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.) शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते, दिवे मालवतात, पडदा काळामिट्ट होतो. बाबा उठले, टीव्ही बंद केला, "चला, कोर्ट उठलं" म्हणाले आणि झोपायला गेले. त्यानंतर न्यायाधीश सहलीला जातात आणि खरी मेख तिथे आहे, हे मी दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी पटवायला गेलो. "कोर्ट उठल्यावर साहेब कुठे जातात, हे बघणं आपलं काम नाही," असा निकाल लागला. अपील नाही.

मग भयपट. 'तुंबाड' अंधारात बघायचा असतो, असं माझं ठाम मत. आजीचं त्याहून ठाम मत की अंधारात लसूण सोलता येत नाही. दिवा चालूच राहिला. या सिनेमातला पाऊस टिपायला त्या लोकांनी कित्येक पावसाळे घालवले, हे मी मोठ्या अभिमानाने सांगितलं. आजी जरा वेळ बघत राहिली. "यांचे कपडे वाळतात कुठे रे?"

झालं. त्यानंतर मला वाडा दिसेना, शाप दिसेना, नुसती ओली धोतरं दिसायला लागली. त्यातल्या हस्तर या शापित राक्षसाला भुलवायला कणकेची बाहुली करतात, तर आजीला कणीक सैल वाटली. आणि तो अक्राळविक्राळ हस्तर धावून येतो त्या क्षणी, ज्या क्षणी मी थिएटरात खुर्चीचा हात घट्ट धरला होता, आजी कळवळून म्हणाली, "भुकेलाच आहे ना मेला? मग द्या की त्याला वाढून!" खरं सांगू? कथेचा गाभा तिने तेवढ्यात पकडला होता. पण भीती गेली ती गेलीच.

प्रेमकथांचं फार सांगत नाही. मावशीला 'सैराट' हा गोड सिनेमा वाटतो, कारण मध्यंतरानंतर तिने तो कधी बघितलेलाच नाही.

असे दोन-तीन शनिवार वाया गेले की पुढच्या शनिवारी बंड होतं आणि 'अशी ही बनवाबनवी' लागतो. 1988चा सिनेमा, पुण्यात भाड्याची खोली मिळवायला दोघांनी बायका व्हायचं, आणि घरातल्या प्रत्येकाला पुढचं वाक्य पाठ. मी आधी नाक मुरडायचो. आता मुरडत नाही. एवढा घट्ट विणलेला फार्स मला माझ्या जागतिक यादीतही फारसा सापडलेला नाही. पण हे घरात बोलायची सोय नाही, कारण मग माझी निवडच कशाला हवी?

गेल्या शनिवारी बाबा आणि आजी लग्नाला गेले होते. आई मेथी निवडत होती. मी स्वतःसाठी म्हणून दिग्दर्शक ओझूचा 'टोकियो स्टोरी' लावला. 1953चा, कृष्णधवल, जपानी. कॅमेरा जमिनीलगत, म्हणजे आमच्याकडे सोफ्यावर जागा न मिळालेल्या माणसाला दिसतं तसं. म्हातारे आईवडील गावाहून मुलांकडे येतात आणि मुलांना वेळ नसतो. खालच्या इंग्रजी ओळी मी आईला मराठीत सांगायला लागलो. "नको सांगूस," ती म्हणाली, "कळतंय मला."

त्यातल्या मुलीचं ब्यूटी पार्लर असतं. हे कोण, असं गिऱ्हाइकाने विचारल्यावर ती सांगते, गावाकडचे ओळखीचे आहेत. एवढं मात्र मी भाषांतर केलं. आईच्या हातातली जुडी खाली पडली. "स्वतःच्या आईबापाला?" पुढचा तासभर ती त्या मुलीला नावं ठेवत होती आणि विधवा सून नोरिकोची बाजू घेत होती. मेथी तशीच.

सिनेमा संपल्यावर तिने विचारलं, "या नोरिकोचा पुढचा भाग आहे?"

"पुढचा नाही, आधीचा आहे. 1949चा, 'लेट स्प्रिंग'. नटी तीच, सेत्सुको हारा. नावही नोरिकोच. पण बाई वेगळी."

"असू दे. लग्न जमतं का तिचं त्यात?"

"जमतं. बाप खोटं बोलून जमवतो."

"मग लाव की! आणि ती मेथी घे इकडे, तू निवड."